ओनी बाहेर, सुख आत

लोखंडी कढईत टाकलेले सोयाबीनचे दाणे बराच वेळ मुके असतात. मग त्यांतल्या एखाद्याची साल हलकेच तडकते, दुसरा त्याला साथ देतो, आणि बघता बघता कढईभर एक कोरडा, खमंग, किंचित चेष्टेखोर तडतडाट पसरतो. त्या पहिल्या आवाजाची वाट पाहत हारुको कढईवर मान तिरकी करून उभी राही. झारा थांबलेला, डोळे मिटलेले, दूरच्या पाहुण्याची चाहूल घ्यावी तशी. अजमानमधल्या आमच्या इमारतीत फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो वास तिच्या दाराखालून निघे, कॉरिडॉरभर हिंडे, लिफ्टमध्ये शिरे, आणि खालच्या मजल्यांवरची मुलं पाठीवरची दप्तरंही न उतरवता वर धावत येत. त्यांच्या लेखी वसंत ऋतू हारुआंटीच्या कढईतून येत असे.

आखाती प्रदेशात ऋतूंच्या सीमा ठळक नसतात. उन्हाळा इथे घरमालकासारखा राहतो आणि हिवाळा चार दिवसांच्या पाहुण्यासारखा येऊन जातो. पण त्या पाहुण्याचं रूप विलक्षण सौम्य असतं. पहाटे धुकं उतरतं आणि शारजाच्या रस्त्यावरचे दिवे त्यात विरघळल्यासारखे दिसतात. दुपारच्या उन्हातला दाह निवून त्याला मधाचा रंग चढतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला अंगावर शाल घ्यायला लावण्याइतपत धीटपणा येतो. आमच्यापैकी बहुतेकांना हा बदल एसी बंद करण्यापलीकडे फारसा जाणवत नसे. हारुकोला मात्र तो जन्मजात कळत असे. तिच्या देशात हिवाळ्याचा शेवटचा दिवस हा एक सण आहे. सेत्सुबुन, म्हणजे ऋतुसंधी. त्या दिवशी भाजलेले दाणे फेकून ओनीला घराबाहेर हाकलायचं असतं. ओनी म्हणजे डोक्यावर शिंगं, रक्तवर्ण मुख आणि कमरेला व्याघ्रचर्म असलेला राक्षस. सरत्या वर्षातलं दुखणंखुपणं, भीती आणि अमंगळ हे सगळं तोच घेऊन येतो. मुलांनी मुठी भरभरून ओरडायचं, "ओनि वा सोतो", ओनी बाहेर. मग दार लावून घरात दाणे उधळायचे आणि म्हणायचं, "फुकु वा उचि", सुख आत.

हारुको कोबेची. वेंगुर्ल्याकडचा सुहास परब जबल अलीच्या बंदरात क्रेनच्या देखभालीचं काम करायचा. कंपनीने त्याला प्रशिक्षणासाठी कोबेला पाठवलं, तिथे या दोघांची गाठ पडली. लग्नानंतर ती सासूकडून मराठी शिकली, तीही फोनवरून. त्यामुळे तिच्या तोंडी पुस्तकी मराठी आलीच नाही, थेट मालवणी आली. पहिल्या भेटीत मी दारात उभी असताना ती म्हणाली होती, "बस गो, उभी कित्याक?" आणि पुण्यात जन्म काढलेली मी त्या चिमुकल्या जपानी बाईकडे पाहतच राहिले होते. 'ळ' तिला कधी जमला नाही. पण तिच्या 'गो'मध्ये अशी काही माया होती की परक्या इमारतीत, परक्या मजल्यावर, मला एकदम कुणाच्या तरी माजघरात शिरल्यासारखं वाटलं.

तिचा आवाज अंगापिंडाच्या मानाने मोठा होता. मोठा म्हणजे कर्कश नव्हे. भरलेल्या घागरीवर टिचकी मारली की जसा नाद येतो, तसा तो आवाज पूर्ण होता, तळापर्यंत भरलेला. माझ्यासारख्या दुबईला नोकरीला जाणाऱ्या आया परत येईपर्यंत आमची मुलं दुपारभर तिच्याकडे असत. माझा वेद, केरळची, पेशावरची, मनिलाची आणखी काही, आणि तिची स्वतःची मुलगी नामी. नामी म्हणजे जपानीत लाट, आणि मराठीत नामी म्हणजे काय ते सांगायला नको. आजोळ आणि घर अशी दोन्हीकडची मान्यता मिळालेलं ते नाव हारुको बाल्कनीतून हाक मारताना दोन लांब सुरांत म्हणे. खालच्या मैदानात खेळणारी सगळी मुलं मान वर करत, कारण त्या हाकेत प्रत्येकालाच आपलं नाव ऐकू येई.

आणि तिची एक लकब होती. दारात मुलांच्या चपलाबुटांचा जो गोंधळ पडलेला असे, तो ती येताजाता वाकून सरळ करी. जोडीला जोडी, चवडे दाराकडे. त्यात नापसंती नसे, शिस्तीचा धडाही नसे. जाणाऱ्याला जाताना सोपं जावं एवढंच. दिवसातून कितीदा ती अशी वाकत असेल कोण जाणे. मला मात्र तिची आठवण आली की आधी तिची ती वाकलेली पाठ दिसते, पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात.

सेत्सुबुनच्या दिवशी ती दाराला बोरीची काटेरी फांदी बांधी, आणि फांदीच्या टोकाला तळलेल्या तारलीचं डोकं. त्या वासाने आणि काट्यांनी ओनी बिचकतो अशी तिच्याकडची समजूत. सुहास दरवर्षी म्हणे, "अगो, माशाचं डोकं दाराला लटकवलंस तर ओनी राहू दे, बिल्डिंगमधले शाकाहारी पळतील." त्यावर ती शांतपणे गाठ आणखी घट्ट करी. तिच्या माहेरी वडील ओनी होत, म्हणून इथे सुहास ओनी होई. पण तो इतका मवाळ माणूस, की पहिला दाणा लागताच गुरगुरणं विसरून "आई गं" म्हणे आणि मुलं हसून लोळत. आरोळीचं नेतृत्व हारुकोचं. तिने "ओनि वा सोतो" म्हटलं की भिंतीवरच्या तसबिरी हलल्यासारख्या वाटत. मुलांच्या बारीक आवाजांना तिच्या आवाजाचा आधार असे, वेलीला मांडवाचा असतो तसा. मग जरा मोठ्या मुलांनी आपापल्या वयाइतके दाणे खायचे. अगदी लहानग्यांच्या घशात दाणा अडकेल म्हणून त्यांच्यासाठी त्याच दाण्यांचं पीठ करून, गूळ घालून वळलेले लाडू असत. कोबे आणि वेंगुर्लं यांचा तह कुठे झाला असेल तर त्या लाडवात.

ज्या वर्षीची गोष्ट मी सांगते आहे, त्या वर्षी दिवाळी सरता सरता हारुकोच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की गाठ आवाजाच्या नसेला बिलगून आहे, ती काढायची तर आवाज काही काळ जाईल, परत येईल, पण कधी आणि कसा ते सांगता येणार नाही. गाठ चांगली नव्हती. ती पूर्ण निघाली, हे आमचं भाग्य. पण इस्पितळातून हारुको परतली तेव्हा तिच्या गळ्यावर पट्टी होती, आणि ती भरलेली घागर कुणीतरी उपडी केली होती. ओठ हलत, श्वास बाहेर येई, त्या श्वासावर शब्दांची पुसट सावली असे, इतकंच. काचेवर वाफ धरावी आणि त्यात बोटाने लिहिलेलं वाचून होण्याआधीच पुसलं जावं, तसं तिचं बोलणं झालं होतं.

मोठ्यांनी ते समजून घेतलं. मुलांनीही फार लवकर जुळवून घेतलं. वेद आणि इतर मुलं तिच्याशी आपणहून कुजबुजून बोलू लागली, जणू घरात एखादा नवा खेळ सुरू झाला होता. नामीने मात्र तो खेळ नाकारला. आई दारातून आत आली त्या दिवशी ती तिच्याकडे टक लावून पाहत राहिली आणि मग बापाच्या पायामागे गेली. तिथून ती बाहेर आलीच नाही असं म्हटलं तरी चालेल. आईने घास पुढे केला की ती तोंड फिरवी, आई कुजबुजली की टीव्हीचा आवाज वाढवी. झोपायची सुहासजवळ. रडत नसे, हट्ट करत नसे. चार वर्षांच्या जिवाने आपल्या घरातल्या एका माणसाला निमूटपणे परकं ठरवलं होतं.

माझ्या सुट्टीच्या एका दुपारी मुलं माझ्याकडे होती. हारुको नामीला न्यायला आली, दारातून काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, "नामी, आई बोलावतेय बघ."

नामी चित्र रंगवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दॅट्स नॉट माय आई."

"असं काय बोलतेस, बाळा? ही बघ ना, आईच आहे."

"माय आई हॅज अ व्हॉइस," ती म्हणाली आणि आकाशाचा उरलेला कोपरा निळा करत राहिली.

हारुकोने ते ऐकलं. ती वाकली, माझ्या दारातल्या मुलांच्या चपला एकेक करून सरळ लावल्या, आणि नामीची जोडी हातात घेऊन, तिच्या पायांजवळ ठेवून, बाजूला उभी राहिली. नामीने चपला घातल्या आणि आईच्या पुढून, तिला स्पर्श होणार नाही अशा बेताने, निघून गेली. दुःखाची असंख्य रूपं मी पाहिली आहेत, पण इतकं नीटनेटकं दुःख तेवढं एकदाच पाहिलं.

जानेवारी सरत आला तसं मी सुहासला म्हटलं, "भावजी, या वर्षी सण राहू दे का? तिला आरोळी देता येणार नाही, उगाच जिवाला लागेल." सुहासलाही तेच वाटत होतं. पण आमचं बोलणं हारुकोने ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी माझा सुट्टीचा वार पाहून तिने मला बर दुबईला ओढत नेलं. मीना बाजारातल्या कापडाच्या दुकानात ती ठाणांवरून बोटं फिरवत चालली होती. शेवटी एका पिवळ्या, काळ्या पट्ट्यांच्या, अतिशय भडक कापडावर तिचं बोट थांबलं.

"मॅडम, परदे के लिए चाहिए?" दुकानदाराने विचारलं.

हारुकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राक्षस के लिए."

तो सिंधी गृहस्थ त्या पेढीवर म्हातारा झालेला होता. त्याने पापणीही लववली नाही. "राक्षस का नाप क्या है?"

हारुकोने आपल्या कमरेवर हात ठेवला आणि मग तोच हात पसरून दाखवला, एवढाच. मला वाटलं ती थट्टा करते आहे. दुकानदाराने कापड फाडलं, घडी घातली आणि म्हणाला, "इन्शाल्ला, सब डर जाएँगे."

राक्षसाच्या केसांसाठी काथ्या हवा होता, तो पलीकडे देराच्या बाजारात मिळे. म्हणून आम्ही खाडी ओलांडायला अब्रात बसलो. लाकडी नाव, मधोमध फळी, तिच्यावर पाठीला पाठ लावून बसलेली माणसं आणि इंजिनाची अखंड धडधड. पाण्यावर दुपारचा उजेड चांदीच्या खवल्यांसारखा हलत होता. त्या धडधडीत तिचा श्वास ऐकू येणं शक्य नव्हतं. तिने तोंड माझ्या कानाशी आणलं.

"या वर्षी ओनी मी."

मी चमकून पाहिलं. "तू? आणि नामी?"

"ती माझ्यावर रागावलीय, नीलू. मी तिच्या आईचा आवाज घेऊन गेले आणि रिकामी परत आले." तिला मध्ये मध्ये थांबून श्वास गोळा करावा लागत होता. "तो राग तिच्या मुठीत आहे. कुठे फेकायचा ते तिला कळत नाही."

"आणि घाबरली म्हणजे? आहे त्याहून दूर गेली तर?"

खाडीवरून एक पांढरा पक्षी खाली उतरला आणि पाण्याला चाटून वर गेला. तो दिसेनासा होईपर्यंत ती पाहत राहिली. मग पुन्हा कानाशी आली. "रोज थोडी थोडी घाबरते ती. एकदाच पोटभर घाबरू दे. आणि जिंकू दे." आणि मग डोळ्यांत हसू आणून म्हणाली, "ओनीक आवाज कित्याक व्हयो?"

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. सुहासला तर त्याहून जास्त. "वहिनी, पोर कायमची बिथरली तर मी कुणाला काय सांगू?" तो म्हणाला. पण ज्या बाईने आपला आवाज गमावताना हूं की चूं केलं नव्हतं, तिला तिच्याच घरच्या सणात काय कर म्हणून आम्ही सांगणार होतो?

सणाच्या दिवशी दुपारपासूनच उजेडाला धार होती. आदल्या दिवशी वारं सुटून हवेतली धूळ वाहून गेली होती आणि समुद्राकडच्या खिडकीतून येणारं ऊन खोलीच्या पार मागच्या भिंतीपर्यंत पोचत होतं. सोफे भिंतीला सरकवले होते. मुलांनी कागदी थाळ्यांचे मुखवटे रंगवून डोक्यावर चढवले होते. लाल, निळे, आणि एक गुलाबी, कारण पेशावरच्या फैजानला गुलाबी ओनी हवा होता. प्रत्येकाच्या हातात दाण्यांची वाटी. नामीकडे मात्र कोबेहून आलेलं चौकोनी लाकडी माप होतं. ते तिच्या आईचं लहानपणचं. ते तिने का घेतलं, कुणी दिलं, मला माहीत नाही. आईचं काहीही हाताळायला ती तयार नसताना ते माप मात्र तिने छातीशी धरलं होतं.

"हारुआंटी कुठेय?" वेदने विचारलं.

"आंटी दमलीय, पडलीय जरा," सुहास म्हणाला. दरवर्षी जो ओनी असायचा तो नामीचा बाबाच समोर उभा आहे हे पाहून मुलं गोंधळली. "मग ओनी कोण?" कुणीतरी विचारलं. त्याच क्षणी बेल वाजली.

सुहासने दार उघडलं. दारात ओनी उभा होता.

मला ठाऊक होतं आत कोण आहे, तरी मी दचकले. रक्तवर्ण मुखवटा, त्यावर सोनेरी शिंगं, काथ्याचे पिंगट केस खांद्यांवर पसरलेले, कमरेला मीना बाजारातलं ते भडक व्याघ्रचर्म. पण भयंकर होतं ते त्याचं मौन. सुहासचा ओनी गुरगुरत येई, पाय आपटत येई, आणि आवाज आला की मुलांना त्यामागचा माणूस दिसे. हा ओनी काहीच बोलत नव्हता. तो नुसता आत आला. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं पाऊल. मान हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळत होती. फैजानची वाटी हातातच राहिली. वेद माझ्या मागे येऊन ओढणी धरून उभा राहिला. सगळी मुलं भिंतीकडे सरकली आणि खोलीच्या मध्यभागी, उन्हाच्या त्या लांब पट्ट्यात, नामी एकटी उरली.

ओनी तिच्यासमोर येऊन थांबला. नामीचा खालचा ओठ थरथरू लागला. सुहास पुढे व्हायला निघाला, मी त्याचा दंड धरला. का धरला ते आजही सांगता येणार नाही. कदाचित मुखवट्याच्या छिद्रांतून मला ते डोळे दिसले असतील.

नामीने मापात हात घातला. एकच दाणा काढला. तो फेकला म्हणण्यापेक्षा तिने तो टाकला. तो मुखवट्याच्या कपाळावर लागला आणि टक् असा लहानसा आवाज झाला. ओनी एक पाऊल मागे सरला.

तिने हे पाहिलं. आपण टाकलेल्या एका दाण्याने एवढं मोठं भय मागे हटतं हे तिला दिसलं. तिने मूठ भरली. आणि मग त्या चिमुरड्या देहातून जो आवाज निघाला तो ऐकून मी सुहासचा दंड सोडून दिला. "ओनि वा सोतो." भरलेल्या घागरीचा तो नाद होता, आकाराने लहान, पण तळापर्यंत भरलेला. तोच स्वर, तीच फेक, शेवटच्या अक्षरावर तेच किंचित लांबवणं. तीन महिने ज्याला आम्ही सगळे हरवलं म्हणत होतो, ते या पोरीच्या गळ्यात जसंच्या तसं ठेवलेलं होतं.

क्षणभर ओनी जागच्या जागी थबकला. मला वाटलं, आता मुखवटा उतरणार. पण नाही. त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भेदरून गरकन फिरला. बस, मग सगळी मुलं सुटली. "ओनि वा सोतो, ओनि वा सोतो." मल्याळी वळणाचं, पश्तो वळणाचं, वेदचं पुणेरी, सगळ्यांच्या पुढे नामीचं. दाण्यांचा वळीव कोसळत होता, भिंतींवर, पंख्यावर, सुहासच्या चष्म्यावर. "यल्ला, यल्ला," फैजान अरबीत 'चला, चला' करत ओरडत होता, "ही इज रनिंग." ओनी धडपडला, गुडघ्यावर पडला, उठला, सोफ्याला अडखळला, आणि लंगडत, कोलमडत, ज्या दारातून आला त्याच दारातून बाहेर पळाला. नामीने धावत जाऊन आपल्या दोन्ही हातांनी दार लोटलं.

दार लागलं तशी शांतता झाली. सगळे धापा टाकत होते. आता घरात दाणे उधळून सुखाला बोलवायचं असतं, आणि ते शब्द दरवर्षी हारुको आधी म्हणे. मुलं एकमेकांकडे पाहू लागली.

नामीने परत वळून दार उघडलं.

ओनी गेला की नाही हे पाहायला उघडलं, की आणखी कशासाठी, देव जाणे. बाहेर कॉरिडॉरमध्ये हारुको भिंतीला टेकून उभी होती. तिला लपायला सवड मिळाली नव्हती. मुखवटा हातात, केस घामाने कपाळाला चिकटलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. गळ्याभोवतीचा रुमाल पळताना सुटून पडला होता आणि त्या आडव्या, अजून गुलाबी असलेल्या व्रणावर कॉरिडॉरच्या दिव्याचा उजेड पडला होता. इतके दिवस तिने तो व्रण नामीपासून झाकला होता.

नामीने मुखवट्याकडे पाहिलं. मग व्रणाकडे पाहिलं. हारुको खाली बसली, तिच्या उंचीची झाली, आणि हलली नाही. पोरीने हात पुढे केला आणि एका बोटाने तो व्रण या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला.

"ओनी डिड दिस?" तिने विचारलं.

हारुकोने क्षणभर विचार केला आणि होकारार्थी मान हलवली.

"ही इज गॉन," नामी म्हणाली, मोठ्या माणसाने लहानाची समजूत घालावी त्या गंभीरपणे. "आय थ्रू हिम आउट." मग तिने आईच्या कमरेचं ते पिवळं कापड मुठीत धरलं आणि तिला ओढू लागली. "कम, आई. फुकु वा उचि."

हारुको आत आली. तिला उभं राहायलाही वेळ मिळाला नाही. ती गुडघ्यांवरच उंबरठा ओलांडून आली. नामीने मापातले उरलेले दाणे दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर उधळले, आणि खोलीतल्या सगळ्या मुलांनी आपापल्या भाषेच्या चालीवर ते शब्द म्हटले. हारुको हसत होती. त्या हसण्याला आवाज नव्हता, तिचे नुसते खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि केसांत अडकलेले दाणे एकेक करून फरशीवर गळत होते. माझ्या आयुष्यात मी अनेक मैफली ऐकल्या, पण त्या नि:शब्द हास्याइतकं सुरेल काही ऐकलं नाही. सुहास झाडू घेऊन उभा होता आणि झाडायचं सोडून बाहीने डोळे पुसत होता. "दाणे काय, उद्या झाडेन," तो म्हणाला. नामी आईच्या मांडीवर बसून लाडू खात होती. मध्येच तिने आपल्या हाताने एक तुकडा आईच्या तोंडात घातला आणि आईने तो गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडे लक्ष देऊन पाहत राहिली, जणू तिथला पहारा आता तिच्याकडे होता. समुद्राकडच्या खिडकीत सूर्य तांबडालाल होऊन बुडाला, मशिदीतून मगरीबची अजान सुरू झाली, आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की ऋतू बदलतो म्हणजे नेमकं काय होतं.

हारुकोचा आवाज आंब्यांच्या दिवसांत परत आला. पूर्वीचा नव्हे. आता त्याला खर्जाची ओल होती, काठावर थोडी खरखर होती, लाट ओसरताना वाळूला येते तशी. सासूशी फोनवर बोलताना तो अचानक उमटला आणि पलीकडे म्हातारी रडू लागली. नामीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, यू साउंड लाइक ओनी." दोघी इतक्या हसल्या की मला बाजूच्या घरातून उठून यावं लागलं. त्यानंतरच्या प्रत्येक सेत्सुबुनला ओनी हारुकोच झाली, आणि आता तिला छान गुरगुरताही येई. आरोळी मात्र नामीची. ते नेतृत्व तिने पुन्हा कुणाला दिलं नाही आणि आईने मागितलं नाही.

कोबेला हारुकोच्या वडिलांना एकट्याने राहणं झेपेना, म्हणून गेल्या वर्षी ते तिघं तिकडे गेले. सामान गेलं, दाराची पाटी गेली. बाल्कनीतून येणारी ती हाकही गेली. या फेब्रुवारीत मी सणाचा विषय काढणार नव्हते. पण मुलं आता मोठी झाली आहेत, ती विचारत नाहीत, ठरवतात. त्यांनी इमारतीतली सगळी लहानगी गोळा केली आणि ओनीला यंदा थेट समुद्रात हाकलायचं म्हणून सगळी वरात अजमानच्या किनाऱ्यावर नेली. ओनी झाला होता फैजान, मिसरूड फुटू लागलेला. नव्याने राहायला आलेल्या एका सुदानी कुटुंबातली छोटी मुलगी त्याच्यासमोर उभी राहून घसा फाटेपर्यंत ते जपानी शब्द ओरडत होती. ते शब्द कुठून आले हे तिला ठाऊक नव्हतं. हारुको नावाची कुणी होती हेही तिला ठाऊक नव्हतं. तरी अखेरच्या अक्षरावर ती किंचित लांबवत होती.

हिवाळ्यापुरते उत्तरेकडून येणारे कुरव पक्षी वाळूवर उतरले आणि पोरांनी उधळलेले दाणे वेचू लागले. थोड्याच दिवसांत ते परत उत्तरेला जाणार होते. मी ओल्या वाळूत उभी होते, पाण्यात पळणारा ओनी पाहत होते, आणि ज्या जागी ती असायला हवी होती ती जागा माझ्या शेजारीच होती. वेळ पुढे जाताना माणसांना बरोबर नेतो खरा, पण काही माणसं आपल्यामागे जी पोकळी ठेवतात ती इतकी गजबजलेली असते, की तिच्याशेजारी उभं राहणाऱ्याला एकटं वाटत नाही.